येणार येणार म्हणतात तो पडदा



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस, संप नाहीतर टाळेबंदी यांवर बोलणार, असे सर्वजण धरून चालतात. मी 'संगणकाचा पडदा' हा विषय कळवला, तेव्हा चालकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु या घोडबंदर रोडकडेच पाहा. माझ्या तरुणपणी कोलशेत-बाळकुमच्या बाजूला रंगरसायनांचे कारखाने होते आणि माणसे भोंग्यावर कामाला जात. आज त्या भागात मनोरे उभे आहेत. माणसे आता काचेच्या कार्यालयांत जातात, आणि दिवसाचे नऊ-दहा तास त्यांची नजर एकाच वस्तूवर खिळलेली असते. गिरणी कामगाराला जसा माग, तसा यांना पडदा. मागाची चर्चा करणे हे चळवळीचे काम होते; मग पडद्याची चर्चा कोणी करायची?

या पडद्याविषयी गेली दहा वर्षे एक अफवा फिरते आहे. लॅपटॉपला आणि टेबलावरच्या संगणकाला लवकरच ओएलईडी जातीचा पडदा येणार, जुना पडदा मोडीत निघणार! परवाच कचेरीत काम करणाऱ्या एका मुलाने मला गाठून विचारले, "काका, नवीन लॅपटॉप आता घेऊ, की थांबू?" माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने आणि पुढे मोबाइलने मला पुष्कळ शिकवले, तेव्हा मी या अफवेच्या मुळाशी जायचे ठरवले.

प्रथम वस्तू समजून घेऊ. नेहमीच्या एलसीडी पडद्यात मागे दिवा सतत जळत असतो आणि पुढे द्रवस्फटिकांच्या बारीक झडपा उघडमीट करतात. काळा रंग दाखवायचा म्हणजे झडप मिटायची. पण फटीतून थोडा उजेड झिरपतोच, म्हणून तिथला काळा रंग करडा दिसतो. ओएलईडीमध्ये मागचा दिवाच नाही. कार्बनी संयुगांचे केसाच्या शतांशाहूनही पातळ असे थर असतात, त्यांतून वीज गेली की तेच उजळतात. प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतंत्र दिवा. विझवला की काळोख, खराखुरा.

हे नवीन आहे काय? मुळीच नाही. अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोन शास्त्रज्ञांनी याचा निबंध 1987 साली प्रसिद्ध केला. कोडॅकने तो धंदा 2009 मध्ये एलजीला विकला आणि 2012 च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्याच्या घरी पाळणा हलला, त्याच्या घरी बारसे झाले नाही! सोनीने 2007 साली 11 इंची टीव्ही काढला. 2016 च्या जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात लेनोव्होने ओएलईडीचा लॅपटॉप मांडला, आणि डेलने 30 इंची मॉनिटर. त्या मॉनिटरची किंमत 4,999 डॉलर! तेव्हापासून 'पुढच्या वर्षी सगळीकडे हाच' असे दरवर्षी ऐकू येते. अॅपलने 2024 च्या मे महिन्यात आयपॅड प्रोला हा पडदा लावला, तोवर तिच्या लॅपटॉपविषयीची अफवा कितीतरी वेळा वर्षभराने पुढे ढकलली गेली होती.

एवढा विलंब का? टीव्हीवरचे चित्र हलते. कचेरीतल्या संगणकावर मात्र खालची पट्टी, वरचे रकाने, कोपऱ्यातले घड्याळ महिनोन् महिने जागचे हलत नाही. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका वापराने झिजतो, निळा सर्वांत लवकर. म्हणून जिथे तेच चित्र कायम उभे असते तिथे त्याचा ठसा उमटतो आणि पुसता पुसत नाही. शिवाय काळ्या चित्रावर हा पडदा वीज वाचवतो, पण पांढऱ्या कागदासारखे पान उघडले की सगळे दिवे पेटतात आणि बॅटरी लवकर उतरते. आमच्या कारकुनाचे सगळे आयुष्य पांढऱ्या पानावर! यावर उपाय निघाले आहेत. उजेड देणारे थर एकावर एक असे दुहेरी लावतात, म्हणजे प्रत्येकावरचा भार कमी होतो. आयपॅडमध्ये हेच केले आहे.

आता अफवेकडे वळतो. अठराव्या वर्षी मी टीव्हीचे संच जोडणाऱ्या एका कारखान्यात लागलो. कारखान्याचे नाव सांगत नाही. काचेची ती जड नळी, तिची नाजूक मान, वीज तोडल्यावरही तिच्यात दबा धरून बसलेला हजारो व्होल्टचा दाब, हे ज्याने हाताळले त्यालाच ठाऊक. 1994 च्या पगारवाढीच्या बोलणीत आमचे साहेब म्हणाले, "भिंतीवर टांगायचे सपाट टीव्ही येत आहेत. तुमची ही नळी दोन वर्षांची सोबती. वाढ कसली मागता?" आम्ही विचारले, "मग नव्या पडद्यासाठी कंपनीने काय मागवले आहे? एखादे यंत्र? निदान एखादा दरपत्रक-अर्ज?" काहीच मागवले नव्हते. करार झाला, वाढही मिळाली. नळी त्यानंतर दहा वर्षे चालली.

परंतु नळी गेली, हेही तितकेच खरे. अफवेची दिशा बरोबर होती. तारीख खोटी होती. या दोहोंमध्ये जे अंतर असते, त्यात कामगार भरडला जातो.

दिशाच नाकारली तर काय होते, त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना. या कंपनीने 2005 साली फ्रान्सच्या थॉमसनचा चित्रनळीचा जगभरचा धंदा विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन येथील कारखान्यांसह. फ्रेंच विकत होते, हे पाहूनच शंका यायला हवी होती. दोन-तीन वर्षांत एलसीडीने जगाच्या बाजारात नळीला मागे टाकले. इटलीतील अनाग्नीचा कारखाना बंद पडला, आणि 2018 च्या जूनमध्ये व्हिडिओकॉनच दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात दाखल झाली. पतनाला कर्जाची आणि इतर धंद्यांचीही कारणे होती, सगळे खापर नळीवर फोडता येणार नाही. पण अनाग्नीच्या कामगाराने आणि चितेगावच्या कामगाराने एकमेकांचे तोंड पाहिले नाही, आणि दोघांची चूल एकाच धंद्यावर पेटत होती.

तारखेवर विश्वास ठेवण्याचा दाखला नागपूरजवळ बुटीबोरीला. 2016 साली वेदान्त समूहाच्या ट्विनस्टार कंपनीने महाराष्ट्रात एलसीडी पडद्यांचा कारखाना जाहीर केला. आकडा 10 अब्ज डॉलरचा. कारखाना उभा राहिला नाही. त्याआधी 2015 च्या ऑगस्टमध्ये फॉक्सकॉनने राज्य सरकारशी 5 अब्ज डॉलरचा करार केला होता, तोही कागदावर राहिला. मग या दोघांनी हातमिळवणी केली. तळेगावचे नाव गाजले, आणि 13 सप्टेंबर 2022 ला 1,54,000 कोटींचा करार गुजरातशी झाला. त्यात पडद्यांचाही कारखाना होता. आपल्याकडे केवढा गदारोळ! प्रकल्प कोणी पळवला यावर महिनाभर भांडलो. 2023 च्या जुलैत फॉक्सकॉन बाहेर पडली. जे पळवले म्हणून आपण रडलो, ते तिथेही जन्माला आले नाही. मधल्या काळात गावोगावच्या पोरांनी 'कंपनी येतेय' म्हणून कोणकोणते अभ्यासक्रम पैसे भरून केले असतील, याचा हिशेब कोणत्याही करारात नसतो.

मग खरी बातमी ओळखायची कशी? माझा जुना प्रश्नच उपयोगी पडतो: काय मागवले आहे? फोनचे पडदे ज्या काचेवर होतात ती साधारण 1500 बाय 1850 मिलिमीटरची. लॅपटॉपचे मोठे पडदे तीतून कमी निघतात, वाया फार जाते, म्हणून भाव चढा. सॅमसंगने 2023 च्या एप्रिलमध्ये कोरियात आसान येथे 2290 बाय 2620 मिलिमीटर काचेच्या ओळीसाठी 4.1 लाख कोटी वॉन गुंतवण्याचे जाहीर केले, तेव्हा अफवेला पाया आला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात चीनच्या बीओईने छंगतूमध्ये 63 अब्ज युआनचा संकल्प सोडला. एवढी मोठी यंत्रे कोणी पुरवठादार लपवून पाठवू शकत नाही. तेव्हा त्या मुलाला मी सांगितले: तुझा लॅपटॉप चालत असेल तर थांब, पण मोडला असेल तर अफवेसाठी उपाशी राहू नकोस.

कोरियाचे नाव निघाले म्हणून सांगतो. तिथल्या चिप आणि पडद्यांच्या कारखान्यांत तरुण मुली रसायनांत काम करून आजारी पडल्या. सॅमसंगच्या चिप कारखान्यातील ह्वांग यु-मी 2007 साली रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिचे वडील टॅक्सी चालवत. त्यांनी अकरा वर्षे पिच्छा पुरवला, तेव्हा 2018 च्या नोव्हेंबरात कंपनीने जाहीर माफी मागितली आणि भरपाईत एलसीडीचे कामगारही धरले. पडदे बनवणारा कारखाना आपल्याकडे कधीतरी येईलही. त्या दिवशी हार घालायला जाणाऱ्यांनी रसायनांची यादीही मागावी.

आणि पडदा पाहणाऱ्यांचे काय? 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 35 होते: उडणारे कण आणि प्रखर उजेड यांपासून डोळ्यांचे रक्षण. ते लेथवाल्यासाठी आणि वेल्डरसाठी. युरोपात 1990 सालीच पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी वेगळा निर्देश निघाला. मधूनमधून विश्रांती आणि डोळ्यांची तपासणी, तीही कामगाराला खर्च न पडता. घोडबंदर रोडवरच्या मुलामुलींनी हे मागितले तर त्यांना 'तुम्ही काय कामगार आहात?' असे विचारतात. हे मागण्यासाठी ओएलईडीची वाट पाहण्याचे कारण नाही. पण तो आला की दोन गोष्टींची भर घाला. यांतले बरेच पडदे उजेड कमी करताना फार वेगाने उघडझाप करतात, आणि काहींना त्याने डोके दुखते. अशांना दुसरा पडदा मागता आला पाहिजे. आणि कंपनीने दिलेल्या यंत्रावर कंपनीचीच पट्टी वर्षभर उभी राहून ठसा उमटला, तर ती झीज कामाची धरावी. ती पगारातून कापू नये, असे नेमणुकीच्या पत्रात आधीच लिहून घ्यावे. आपल्यापैकी कित्येकांच्या पत्रांत 'यंत्राची हानी कर्मचाऱ्याकडून वसूल' एवढेच वाक्य असेल. ज्यांच्याकडे असे पत्र असेल त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे, मी इथेच आहे.