अर्धांगवायूनंतरचा पहिला घास



अर्धांगवायूचा झटका आलेला मनुष्य बरा झाला, असे आपण केव्हा म्हणतो? रक्तदाब आटोक्यात आला, डॉक्टरांनी घरी जाण्याची परवानगी दिली, की आपण देवापुढे साखर ठेवतो. आमचे प्रश्न मात्र तेथूनच सुरू होतात. याला सदरा आपला आपण घालता येतो का? मोरीपर्यंत एकट्याने जाता येते का? घास तोंडापर्यंत पोचतो का?

आमच्या कामाला व्यवसायोपचार म्हणतात. नाव ऐकून कोणी विचारतात, "तुम्ही रोग्यांना नोकऱ्या लावता काय?" येथे व्यवसाय म्हणजे केवळ पोटापाण्याचा धंदा नव्हे. सकाळी दात घासण्यापासून रात्री अंथरूण घालण्यापर्यंत मनुष्य जे जे करतो, ते सारे त्यात आले. या विद्येची आपल्या देशातील पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाली. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, पण विवाहाने आपल्या झालेल्या. १९५२ साली या व्यवसायाची अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली.

आता मूळ गोष्टीकडे वळू. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग मरतो. डाव्या बाजूस इजा झाली तर उजवे अंग लुळे पडते. बहुतेकांची वाचाही डावीकडेच असल्याने तीही अडखळते. मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही, हे खरे. परंतु घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तर माणसे आडवाटेने जाऊ लागतात आणि पावलापावलाने तेथे पायवाट रुळते. मेंदूतही काहीसे असेच घडते. शेजारचे भाग थोडेफार काम शिकून घेतात. मात्र चालल्यावाचून वाट पडत नाही, आणि तीच गोष्ट पुन:पुन्हा केल्यावाचून मेंदू शिकत नाही.

एक अनुभव सांगतो. एक सेवानिवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. उजवा हात गेलेला, बोलणे तुटक. घरी त्यांच्या पत्नी त्यांना भरवीत. दोन महिने ते कोणाबरोबर पानावर बसले नव्हते. डाव्या हाताने जेवा म्हटले, की मान फिरवीत. आपल्याकडे डाव्या हाताने जेवणे म्हणजे काय, हे आपणास सांगावयास नको. परदेशी पुस्तकांत या अडचणीवर उतारा सापडत नाही.

त्यांना गिळताना ठसका लागत नाही, याची खात्री प्रथम करून घेतली. मग तोड काढली ती अशी: डाव्या हातात जाड मुठीचा चमचा, ताट सरकू नये म्हणून खाली ओले फडके, आणि उजवा हात मांडीवर न लपविता ताटाच्या काठावर. "गुरुजी, हा हात रजेवर आहे, बडतर्फ झालेला नाही," असे आम्ही म्हणालो, तेव्हा ते प्रथमच हसले. रोज उजव्या हाताने कणकेचे गोळे दाबणे आणि पेला धरून सोडणे सुरू झाले.

पहिल्या दिवशी निम्मा भात सदऱ्यावर सांडला. बाई कळवळून म्हणाल्या, "अहो, राहू द्या, मी भरवते ना!" आम्ही त्यांना हात मांडीखाली घेऊन बसण्याची विनंती केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पंचेचाळीस मिनिटांनी जेवण संपले. भरविले असते तर दहा मिनिटांत आटोपले असते. पण वाचलेल्या त्या पस्तीस मिनिटांत गुरुजींचे शिकणे बुडाले असते.

श्रोतेहो, आम्हांला सांगावयाचे आहे ते हेच. आपली माया रोग्याच्या हातातले काम काढून घेते. मदत जरूर करा, पण अडेल तेथेच करा. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घाला, काढताना चांगला हात आधी काढा. दुखऱ्या हाताला धरून त्यास कधीही ओढून उठवू नका, खांदा निखळतो. उकिडवे बसणे जमत नसेल तर शौचासाठी खुर्ची आणा आणि भिंतीला दांडी बसवा. ताटातील डावीकडची भाजी तशीच राहिली, तर हट्ट समजून रागावू नका. उजव्या मेंदूच्या इजेत डावी बाजू ध्यानातच येत नाही. त्याला तिकडे पाहण्याची आठवण करा.

गुरुजींच्या उजव्या हाताला घास उचलणे अखेरपर्यंत साधले नाही. परंतु नातवाच्या मुंजीत ते पंगतीला बसले. डाव्या हातात चमचा होता आणि आमटीची वाटी त्यांनी उजव्या हाताने धरली होती. शेजारी बाई बसल्या होत्या, आणि कित्येक महिन्यांनी त्या स्वतः गरम जेवत होत्या.