उद्यान, आख्यायिका आणि इतिहास
(मंडळाच्या दिंडोरी येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



सुटीच्या दिवशी आपण मुलाबाळांसह नाशिकच्या पांडवलेण्यांकडे जातो. डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारकाचे उद्यान, शेजारी बुद्धस्मारक आणि वर लेणी, असे ते रम्य स्थळ आहे. आम्हांस त्याचे विशेष वाटते ते अशाकरिता की, तेथे आख्यायिका व इतिहास एकमेकांशेजारी नांदतात.

वनवासात पांडव येथे राहिले, अशी लोकांची समजूत आहे. शिलालेख मात्र निराळे सांगतात. त्यांत या डोंगरास त्रिरश्मी म्हटले असून, येथील २४ लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. त्यांपैकी जुनी दोन हजार वर्षांची आहेत. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा लेख आहे. पायथ्याशी ज्यांचे स्मारक आहे, त्या फाळक्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. त्यांनी १९१३ साली पडद्यावर आणली तीही राजा हरिश्चंद्राची पुराणकथाच!

आपला दिंडोरी तालुकाही या बाबतीत दरिद्री नाही. प्रभु रामचंद्रांनी जेथे शयन केले तो रामशेज, ही झाली आख्यायिका. १६८२ साली मोगलांनी त्याच रामशेजास वेढा घातला आणि किल्ला पाच वर्षांहून अधिक काळ झुंजला, हा झाला इतिहास. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या तोफा कातड्याने मढवून वापरल्या, असे मोगलांकडील इतिहासकार खाफीखानच लिहितो. तत्पूर्वी १७ ऑक्टोबर १६७० रोजी, सुरतेहून परतताना, शिवछत्रपतींनी दाऊदखानाच्या फौजेचा वणी-दिंडोरीच्या परिसरात पराभव केला.

हे सारे मुलांस खेळता खेळता कळावे, असे एक उद्यान दिंडोरीस असावे, अशी आमची इच्छा आहे. त्यासंबंधी तीन गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली : आख्यायिकेच्या फलकावर ‘लोक असे सांगतात’ असे लिहावे आणि इतिहासाच्या फलकावर आधार द्यावा. कथेस कथा म्हटल्याने श्रद्धा उणी होत नाही. परंतु कथेसच इतिहास म्हटले, तर मुलाची दोन्हींवरील निष्ठा पुढे डळमळते.

दुसरी : आपल्या ज्ञातीच्या वीराचे नाव तेवढे ठळक असावे, असा मोह प्रत्येक ज्ञातीस होतो; आपणांसही होईल. तो आवरावा. वेढ्यात तटावर उभ्या राहिलेल्यांची भूक एकच होती. त्यांची वाटणी आज आपण करू नये. आपल्या मंडळाने वर्गणी द्यावी. फलकावर हक्क सांगू नये.

तिसरी : उद्यान उभारणे सोपे, राखणे कठीण. उद्घाटनाचे हार सुकण्यापूर्वी पाण्याचा नळ बंद पडतो, हे आपण पाहतो. याचा उपाय त्याच लेण्यांत कोरलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कायम राहावे व केवळ व्याज भिक्षूंच्या उपयोगी पडावे, अशी अट घातली.

आपणही वर्गणीचा काही भाग असाच राखून ठेवावा आणि त्याच्या व्याजातून माळ्याचा पगार द्यावा. आम्ही पुष्कळ वर्षे फळ्यावर इतिहास लिहिला. तो तास संपताच पुसला जाई. उद्यानातील फलक पिढ्यान् पिढ्या राहील. म्हणून त्यावर जे लिहावयाचे ते खरे असावे, एवढीच आमची विनंती आहे.