लडाखच्या हिवाळ्यातील हिरवी भाजी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या एका प्रशिक्षण वर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्याकडे मार्गशीर्ष-पौष हे पालेभाज्यांचे दिवस. मेथी, चाकवत, हरभऱ्याचा पाला यांनी आठवड्याचा बाजार भरून जातो. लडाखमध्ये मात्र याच दिवसांत हिरवे पान दृष्टीस पडणे दुर्मीळ असे. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथील तापमान शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरते आणि जमीन गोठून जाते. खिंडी बर्फाने बंद झाल्या की कित्येक महिने रस्ताच राहत नसे. विमानाने येणारी भाजी सामान्य कुटुंबाला परवडत नसे. गावकरी बटाटे, सलगम, गाजरे जमिनीखालील खड्ड्यांत साठवीत आणि पाने धाब्यावर वाळवून ठेवीत. परंतु वाळविलेल्या पानांतील क जीवनसत्त्वाचा मोठा भाग नष्ट होतो. त्याची झळ गरोदर माता व वाढत्या वयाच्या मुलांना अधिक पोहोचते.

या कठीण प्रदेशाला निसर्गाने एक देणगी मात्र उदारपणे दिली आहे. वर्षातील ३०० हून अधिक दिवस तेथे स्वच्छ ऊन असते. इंधन दुर्मीळ, पण ऊन विपुल, या वस्तुस्थितीतूनच विनाइंधनाच्या हरितगृहाची कल्पना तेथे रुजली. लेह येथे १९६२ साली संरक्षण संशोधन विभागाची क्षेत्र संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. सैनिकांना स्थानिक ताजी भाजी मिळावी, हा तिचा एक प्रमुख उद्देश होता. सुमारे तीन फूट खोल चर खणून त्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालण्याची स्वस्त पद्धत तेथे प्रचारात आली. पुढे गेरेस या संस्थेने स्थानिक संस्थांच्या साहाय्याने कुटुंबांसाठी सुधारित सौर हरितगृहे उभारली. या कार्यास २००९ साली ॲश्डेन पुरस्कार लाभला.

याची रचना साधी आहे. लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात. दक्षिणेकडील उतरती बाजू पारदर्शक प्लॅस्टिकची असते, कारण डिसेंबरच्या अखेरीस लेहमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ३२ अंशच वर येतो. उत्तरेची भिंत कच्च्या विटांची व दुहेरी असून मधल्या पोकळीत गवताचा भुसा भरतात. आतील बाजूस काळा रंग दिलेली ही भिंत दिवसा उष्णता साठविते व रात्री ती हळूहळू परत देते. सूर्यास्तापूर्वी प्लॅस्टिकवर कापडी पडदा ओढावा लागतो आणि दुपारी झरोके उघडून कोंदट हवा बाहेर सोडावी लागते. ही दोन कामे चुकली, तर रोपे गोठतात किंवा कुजतात.

पालक, कोथिंबीर, मेथी व लेट्यूस ही येथील मुख्य पिके होत. कडाक्याच्या थंडीत वाढ मंदावते. म्हणून पेरणी शरद ऋतूतच उरकून घेतात. बाहेरची पाने खुडून मधला गाभा राखला, म्हणजे तेच रोप पुन्हा पुन्हा भाजी देते.

पिकविलेले पान ताटात पोहोचले, तरच श्रमाचे सार्थक. लडाखी ‘स्क्यू’ म्हणजे कणकेचे छोटे तुकडे अंगठ्याने दाबून भाज्यांबरोबर शिजविलेला पदार्थ. आपल्या वरणफळांचा जणू आप्तच. ‘थुक्पा’ या रश्शात पालक अगदी शेवटी घालतात. ‘तंगतुर’मध्ये उकडलेली पाने ताकात कालवितात, आपल्याला ताकातला पालक सहज आठवावा. लेहच्या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते. त्यामुळे डाळ शिजण्यास फार वेळ लागतो, पण कोवळे पान लवकर शिजते. ते अधिक उकळू नये व पाणी फेकू नये, म्हणजे त्यातील जीवनसत्त्वे टिकतात. हा नियम आपल्या स्वयंपाकघरालाही तंतोतंत लागू आहे.

पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावे असे येथे काही आहे. गेरेसच्या योजनेत विटा, लाकूड व श्रम कुटुंबाने द्यावयाचे आणि प्लॅस्टिकसारखी बाहेरून आणावी लागणारी सामग्री योजनेतून मिळावयाची, अशी विभागणी होती. उरलेली भाजी शेजाऱ्यांना द्यावी वा विकावी, अशीही अपेक्षा होती. स्वतःच्या घामाने उभारलेल्या भिंतीला तडा गेला, तर मालक दुसऱ्याची वाट पाहत बसत नाही.

असे हरितगृह जसेच्या तसे विदर्भात वा मराठवाड्यात उभारणे अनाठायी ठरेल. आपल्याला उन्हाळ्यात सावली व पाणी यांचीच चिंता अधिक. अनुकरण करावयाचे ते पद्धतीचे. गावात काय विपुल आहे व काय दुर्मीळ आहे, हे आधी पाहावे. शाळेच्या परसबागेला हात धुण्याचे पाणी वळविता येईल काय? सुटीत तिची देखभाल कोण करील? तेथील भाजी मुलांच्या ताटात किती वेळा पडली, याची नोंद कोण ठेवील? या प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेत नावानिशी ठरली, तरच ती परसबाग उद्घाटनाच्या छायाचित्रापुरती न उरता पुढचा उन्हाळा पाहील. उणे वीस अंशांत पालक पिकविणाऱ्या आपल्याच देशबांधवांकडून एवढा धडा आपण अवश्य घ्यावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.