कचरा कुणी ठरवायचा?

(सोलापुरात तरुणांच्या एका बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. शिव्या तेवढ्या कमी केल्यात.)

मित्रांनो, आणि मागं दाराशी उभ्या राहिलेल्या बहिणींनो, पुढं या. सतरंजी सगळ्यांची आहे.

मला बोलवायला आलेल्या पोरानं विचारलं, विषय काय लिहू? मी म्हणालो, 'घर झाडणं.' पोरगं हसलं. 'का बे, बायकांचा दिवाळी अंक काढायलाय का?' म्हणालं. शेवटी फळ्यावर त्यानं 'सांस्कृतिक संघर्ष आणि दलित युवक' असं लिहिलंय. असू दे. मी झाडण्यावरच बोलणार. संघर्ष त्यातच सापडंल तुम्हाला.

मी मॅट्रिक झालेला माणूस. मुंबईच्या गोदीत माल चढवतो, उतरवतो. रात्री कविता लिहितो. आई इथं सोलापुरात विड्या वळते. मागच्या भीमजयंतीला आलो होतो, तेव्हा स्टेजवर आईवरची कविता म्हटली. तिच्या बोटांवर, पाल्यावर, तंबाखूच्या खोकल्यावर. टाळ्या पडल्या. दोन म्हातारी माणसं रडली. मी फुगून घरी आलो, रात्री एक वाजता, तीन दोस्त घेऊन. आईला उठवलं. म्हटलं, भूक लागली. ती उठली. पीठ काढलं, भाकऱ्या थापल्या. आम्ही कवितेवर चर्चा करत जेवलो आन् ताटं तिथंच ठेवून उठलो.

तेव्हा धाकटी बहीण अंधारातून बोलली, 'दादा, आईचे हात लई भारी लिहिलास बघ. आता ताट धू.'

दोस्त हसले. मी पण हसलो. पण ते हसू घशाखाली उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला पुरुषार्थ सुचला. ठरवलं, आज घर मीच साफ करणार. आमचं घर म्हणजे एक खोली आन् पुढं पत्र्याची पडवी. त्यात काय काय? पाण्याचे चार पिंप, सात घागरी, कारण नळ रोज येत नाही. पाल्याचे गठ्ठे, तंबाखूची पिशवी, सूप, कात्री. जुन्या लुगड्यांची बोचकी. फुटकी बादली, डबे, डब्यात डबे. आई गेली होती कारखान्यात विड्या द्यायला. मी म्हटलं, हीच वेळ. गोदीतला गडी मी. दोन तासांत खोली रिकामी केली. चार पोती भरली. घंटागाडी आली तशी दिली टाकून. फरशी धुतली. उदबत्ती लावायची तेवढी राहिली होती.

आई आली. दारात थांबली. खोली बघितली आन् एकच विचारलं, 'अरं लेका, ती निळी चिंध्यांची बोचकी कुठाय?'

त्या बोचक्यात तिची कागदं होती. विडीचं जुनं कार्ड, फंडाचा कागद, बँकेचं पासबुक. उंदरानं कुरतडू नये, कुणी पोरानं काढू नये, दारुड्या नवऱ्याला सापडू नये, म्हणून तिनं वीस वर्षं ती कागदं चिंध्यांत ठेवली होती. तिजोरी होती ती. मला दिसल्या चिंध्या.

आई तशीच पळाली. मी मागं. तीन गल्ल्या पुढं गाडी सापडली. गाडीवरचा माणूस आपल्यातलाच. त्यानं काही विचारलं नाही. हातात मोजे नव्हते, तसाच वर चढला आन् पोती उसकटायला लागला. मी खाली उभा. आई खाली उभी. पासबुक सापडलं. फंडाचा कागद सापडला, भिजलेला. जुनं कार्ड सापडलं नाही. ज्या कार्डावर तिनं कोणत्या सालापासून विड्या वळल्या ते लिहिलं होतं, ते गेलं. आता ती म्हणती वीस वर्षं, आन् कागद म्हणतो, पुरावा दाखव. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा कामगार धरली. पण कायदा कागद वाचतो, बोटं वाचत नाही. तो कागद तिच्या कवी मुलानं कचऱ्यात घातला.

म्हणून मी आज विचारतो. कचरा कुणी ठरवायचा?

हा प्रश्न बारका नाही. हजारो वर्षं या देशात हाच प्रश्न दुसऱ्यांनी सोडवला आन् उत्तरात आपलं नाव लिहिलं. शिवलं तर विटाळ, सावली पडली तर विटाळ. गावातलं मेलेलं ढोर आपण ओढायचं आन् घाण कोण? आपणच. त्यांची घरं लख्ख, कारण त्यांचा उकिरडा आपल्या डोक्यावर. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. तरी माणूस गटारात उतरतोय आन् मरतोय. तेव्हा स्वच्छता हा शब्द ऐकला की आपल्या पोटात ढवळतं, त्यात नवल नाही.

पण बाबासाहेबांनी हा शब्द सोडून दिला नाही. हिसकावून घेतला. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली, आन् त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. लुगडं नेसायची रीत बदला, गळ्या-हातातलं जातीची खूण सांगणारं ओझं काढून टाका, मेल्या ढोराचं मांस घरात येऊ देऊ नका, पोरींना शाळेत घाला. पुरुष तळ्यावर गेले ती क्रांती आन् बायकांनी चुलीपासचं फेकलं ते घरकाम, असं कुणी शिकवलं आपल्याला? माझ्या लेखी दोन्ही एकच आहे.

पुढं १९४२ च्या जुलैत नागपूरला बायकांची मोठी परिषद भरली. तिथंही त्यांनी स्वच्छ राहण्याचं सांगितलं, पोरांना शिकवण्याचं सांगितलं. आणि आणखी एक सांगितलं, जे आपण पोस्टरवर छापत नाही : बायको नवऱ्याची मैत्रीण आहे, बरोबरीची आहे, गुलाम नाही. हे वाक्य आपण झाडूसारखं दाराआड उभं करून ठेवलंय.

माझ्या पणजीची गोष्ट सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झालं. वारं आमच्या सीनाकाठच्या गावाला यायला पुढचा उन्हाळा उजाडला. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. ती सांगती, देव घरातून काढायचं ठरलं आन् पणजोबा घाबरला. म्हणाला, कोप झाला तर? पोरं मेली तर? तो दोन दिवस घरी आलाच नाही. पणजीनं एकटीनं देव्हारा रिकामा केला. टाक, परडी, कवड्यांची माळ, सगळं पाटीत घातलं. पोरीला बरोबर घेतलं आन् सीनेच्या डोहात सोडलं. पण देवापुढचा तांब्याचा तांब्या तिनं ठेवला. म्हणाली, 'देव खोटा हाय, तांब्या खरा हाय. पाणी प्याया हुईल.' तो तांब्या अजून आमच्यात आहे. त्यातूनच पाणी पितो आम्ही.

बघा, काय टाकायचं आन् काय ठेवायचं, हे त्या अडाणी बाईला कळत होतं. कारण घर तिच्या हातातलं होतं, प्रत्येक वस्तू तिनं घासलेली होती. मला कळलं नाही, कारण मी त्या घरात पंचवीस वर्षं पाहुणा होतो.

२०१० साली भालचंद्र नेमाड्यांची जाडजूड कादंबरी आली, तिच्या नावातच 'समृद्ध अडगळ' आहे. अडगळ समृद्ध असायला माळा लागतो, वाडा लागतो. आपल्याकडं एक खोली, आन् तीच कारखाना. रात्री पाला भिजत घालायचा, सकाळी कापायचा, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. पोरं त्याच फरशीवर झोपतात. शिकलेल्या घरात आता फॅशन आलीय, वस्तू कमी करा, मन हलकं होतं. त्यांना लागलं तर उद्या विकत मिळतं. आपल्या आईनं लुगडं फेकलं तर हिवाळ्यात वाकळ कशाची शिवायची? गरिबाघरची अडगळ म्हणजे उद्याची भीती असते. भीतीला फेकता येत नाही. तिच्याशी बसून बोलावं लागतं.

चुलीचंही तसंच. आमच्यात हुलगे असोत, बोकडाचे पाय असोत, आई सकाळी गाडगं चुलीच्या वैलावर ठेवती. पऱ्हाटीचा जाळ विझला की आर ओढून घेती, वर झाकण, झाकणावर दगड. मग विड्यांना बसती. पाचशे वळून होईस्तोवर हाडातला रस सुटतो. लोक म्हणतात, काय चव! चव आहेच. पण ते मंद आचेवर का शिजतं? एक, आपल्या वाट्याला मऊ मांस कधी आलंच नाही. मुंडी, पाय, वजडी, म्हातारा बैल, जे शिजायला दिवस घेतं तेच आलं. २०१५ च्या कायद्यानं बैलही गेला. दोन, बाईचे हात दुसरीकडं गुंतलेले. चुलीपाशी उभं राहायला तिला वेळ नाही, म्हणून गाडग्यानं एकट्यानं शिजायचं.

हे फक्त आपलंच नाही. ज्यू लोकांत शनिवारी चूल पेटवायची नसते, म्हणून त्यांच्या बायका शुक्रवारीच शेंगा-मांसाचं भांडं मंद भट्टीत ठेवायच्या. त्या आजीच्या भांड्याची गोष्ट ऐकून अमेरिकेत एकानं विजेवरचं भांडं बनवलं. १९७१ साली ते 'क्रॉक-पॉट' नावानं बाजारात आलं आन् नोकरीला जाणाऱ्या बायकांनी उचललं. म्हणजे बाई बाहेर कामाला गेली तेव्हा भांडं बदललं. पुरुष बदलला नाही! अर्धं जग फिरून आलो तरी स्वयंपाक तिचाच.

सरकारनं २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेचं मोजमाप केलं. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे दिवसाला २९९ मिनिटं त्यात जातात, करणाऱ्या पुरुषाची ९७. आन् असला करणारा पुरुष चारात एक. बाकीचे तिघं कुठं असतात? मी सांगतो. ते माझ्यासारखे बैठकीत असतात.

कुंभारीला २००६ साली विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, १०,००० घरांची. २०२४ च्या जानेवारीत रे नगरात १५,००० घरं कष्टकऱ्यांना मिळाली. लढून मिळाली. घर लढून मिळतं. पण घरात झाडू कुणाच्या हातात, त्यासाठी मोर्चा कुठल्या कचेरीवर न्यायचा? तो आपल्याच उंबऱ्यावर न्यावा लागतो.

आता कामाचं बोलतो. गोदीत मी दोन गोष्टी शिकलो. एक, खतानं भरलेल्या बोटीचा खण झाडून धुतल्याशिवाय त्यात धान्य भरत नाहीत. दुसरी, जो माल आधी उतरायचा तो शेवटी भरायचा. हेच घराला लावा. रोज लागतं ते हाताशी, सणाला लागतं ते वर. जड पिंप भिंतीला. जाळी-जळमटं आधी, फरशी शेवटी. तंबाखू आन् पाला अन्नापासून, पोरांपासून लांब, झाकलेला. भाजी धुतलेलं पाणी फेकायचं नाही, पडवी पुसायला ठेवायचं. कागदं सगळी एका पेटीत, प्लास्टिकमध्ये, आन् प्रत्येकाची झेरॉक्स दुसऱ्या घरात. विडीचं कार्ड, जातीचा दाखला, रेशनकार्ड. आपल्यासाठी कागद म्हणजे हत्यार आहे.

आणि सगळ्यात आधी : एकही वस्तू उचलण्याआधी जिचं घर आहे तिला मधोमध खुर्चीवर बसवा. वस्तू तुम्ही काढा, धूळ तुम्ही खा, ठरवू द्या तिला. तिनं म्हटलं ठेव, तर ठेवा. का म्हणून विचारा आन् ऐका. अर्धा इतिहास तिथंच ऐकायला मिळंल.

त्या दिवसानंतर आम्ही असंच केलं. आईला बसवलं. ती आधी बसंना. 'पुरुषानं केर काढू नये, लक्ष्मी जाती' म्हणाली. मी म्हटलं, 'आई, लक्ष्मी आपल्यात आली कधी होती?' तेव्हा हसली. मग बसली. एक एक वस्तू धरत गेलो. फुटकी बादली टाकली. एक पत्र्याचा डबा मी टाकायला काढला. ती म्हणाली, थांब. डब्यात माझी पहिलीची पाटी होती, कोपरा फुटलेली. ती तिनं ठेवली. मी काही बोललो नाही.

कार्ड मिळालेलं नाही. त्यासाठी चकरा चालू आहेत, आता मी पण मारतो. सुट्टी काढून येतो, रांगेत उभा राहतो. कविता लिहायची थांबलो नाही, पण आईच्या हातावरची कविता फाडली. टाकायचं काय ते माझं मी ठरवलं, कारण ती वस्तू माझी होती.

आता चहा येईल. कप कोण धुणार, ते आधी ठरवू. पुढं बसलेल्या पोरांनो, उठा.

जय भीम.