मागे राहिलेल्यांचं काय?

ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याआधी २०१६ साली जनतेचं मत घेतलं. ५२ विरुद्ध ४८ टक्के. आपल्याकडे १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले. राज्य पुनर्रचना आयोगापुढे, विधानसभेत वाद झाले. मतपेटी मात्र आलीच नाही. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आम्ही बुऱ्हाणपूरकर निमाडबरोबर इथेच राहिलो.

सोयरीक अजून मलकापूर, जळगाव जामोदशी आहेच. पण तिकडून आलेल्या सुनेला इथल्या नोकरीत आरक्षण मिळत नाही. जात तीच, पण दाखला वडिलांच्या राज्याचा! खिडकीवर अर्ज आला की नियम आम्हीच वाचून दाखवतो. वेगळ्या विदर्भाच्या चर्चेत या सुनेचा प्रश्न कोणी काढलेला आम्ही तरी ऐकला नाही.