फोर्स पुश मारून जेवायला गेलो

तर मंडळी, मी एकदा टीमची सामायिक ब्रांच रिबेस केली, फोर्स पुश मारला आणि जेवायला गेलो. हिस्टरी सरळ, मी खूश! परतलो तर शेजारची सहकारी वैतागलेली.

झालं काय, कमिटचा हॅश त्याच्या पॅरेंटवरूनही ठरतो. पॅरेंट बदलला की कोड तोच असला तरी कमिट नवा. तिचं तीन दिवसांचं काम जुन्या कमिटवर उभं. तिनं पुल केलं, गिटनं जुने-नवे दोन्ही मर्ज करायला घेतले. तेच बदल दोनदा, वर कॉन्फ्लिक्टचा ढीग.

शेवटी मर्ज मागे घेतला, रीफ्लॉगमधून ब्रांचचं जुनं टोक शोधलं आणि ‘रिबेस ऑन्टू’नं फक्त तिचे चार कमिट नव्या टोकावर नेले.

फोर्स-विथ-लीजनं वाचलो असतो? नाही हो. ते फक्त सर्व्हरवरची ब्रांच तपासतं. तिचं काम तिच्याच लॅपटॉपवर होतं.