माशांच्या टाकीचे पाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग. "तुमच्या माशांच्या टाकीचे पाणी थोडक्या खर्चात चांगले कसे राहते, तेवढेच सांगा," असे चिटणीसबाई म्हणाल्या, म्हणून धीर केला.

लहानपणी मामांकडे मुंबईस गेले असता मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली सुरू झालेले ते. काचेमागचे मासे तेव्हापासून मनात राहिले. पुढे २०१५ साली आमचे एक शेजारी बदली होऊन निघाले, तेव्हा आपली टाकी त्यांनी आमच्या धाकट्याला दिली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. सव्वादोनशे लिटर पाणी सहज मावते. हौसेने दहा सोनेरी मासे आणले. आठवड्यात सात गेले. पाणी तर नितळ दिसत होते! सासूबाई म्हणाल्या, "मुक्या जिवांचे हाल करण्यापेक्षा देऊन टाक ती टाकी."

उरलेले तीन जगावेत म्हणून मी दर आठवड्याला निम्मे पाणी बदलू लागले. निम्मे म्हणजे दहा कळशा! तोच २०१६ चा उन्हाळा आला. मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी न्यावे लागले, तेच वर्ष. आपणही टँकरची वाट पाहत होतो. रांगेत शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "आम्हाला प्यायला नाही, अन् तुझ्या माशांना आंघोळ!" राग आला नाही, कारण त्यांचे खरेच होते. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

माझा पुतण्या तेव्हा शेतकी कॉलेजात होता. त्याने उलगडा केला. माशांच्या अंगातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो पाण्यात दिसत नाही, पण माशांना विष. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात. ते पुष्कळ सौम्य, शिवाय झाडांना खत. जंतू म्हटले की आपण फिनेलची बाटली काढतो, पण हे जंतू उपकारी आहेत. त्यांना बसायला जागा, वाहते पाणी आणि हवा लागते. मी मात्र टाकीतली इवलीशी गाळणी आठवड्याला नळाखाली खसाखसा धुवीत होते. नळाच्या औषधी पाण्याने ते बिचारे मरत होते. गाळणी ही नुसती घाण अडवायला नसून या जंतूंचे घर आहे, एवढे कळले आणि वाट सापडली.

घरातलीच वीस लिटरची प्लॅस्टिकची बादली घेतली. तळाशी भोक पाडून त्यात दीड इंची पाइप बसवला. आत भोके पाडलेली प्लॅस्टिकची ताटली, तिच्यावर पक्क्या विटेचे धुतलेले बारीक तुकडे, वर भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या जाळ्या, सर्वांत वर फोमचा तुकडा. तारेची घासणी घालू नये. बादली टाकीच्या वर भक्कम फळीवर ठेवली. कूलरचा नवा पंप अडीचशे रुपयांत मिळाला. त्याला मच्छरदाणीची जाळी बांधून टाकीत सोडला. पंप पाणी बादलीत चढवतो, ते थरांतून झिरपून पुन्हा टाकीत पडते. वीज गेली तरी थर ओलसर आणि हवेशीर राहतात, म्हणून काही तास जंतू तग धरतात.

पहिल्या खेपेस मी खालचा पाइप अर्धा इंची लावला होता. बादली भरून वाहिली आणि ऐन टंचाईत घरभर पाणी झाले! तेव्हा खालची वाट वरच्या नळीपेक्षा मोठी ठेवा. पाण्यात हात घालण्यापूर्वी पंपाचे बटण बंद करा. वायर बटणाकडे जाण्याआधी खाली झोल देऊन न्या, म्हणजे थेंब बटणापर्यंत जात नाहीत.

आता मुख्य गोष्ट. बादली लावली म्हणजे लगेच मासे वाढवू नयेत. जंतू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या टाकीच्या गाळणीतला फोमचा तुकडा मिळाला तर तो घालावा. विरजण लावल्यासारखे काम लवकर होते. फोम खराब झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा, बाकीचे थर उगीच हलवू नयेत. खाणे दोन मिनिटांत संपेल इतकेच टाकावे. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग घालावे.

आज आमच्याकडे आठ मासे आहेत. त्या तीनपैकी एक अजून आहे. आठवड्याला दोनच कळशा पाणी बदलते, आणि काढलेले पाणी तुळशीला व कढीपत्त्याला जाते. त्याच काकू आता नातवाला मासे दाखवायला घेऊन येतात.

भगिनींनो, हौस करावी, पण शेजारणीच्या घागरीकडे पाहून करावी, एवढेच मला त्या उन्हाळ्याने शिकवले.